वाघ्यानं कुणाकडं खाल्लं?

पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. तिथली यात्रा मोठी, नाव मोठं. आमचं पुसेगाव दुसरं. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं, सोयाबीन-तुरीचं आणि हळदीचं. इथं गप्पा भरतात त्या गिरजामावशी आणि सविता यांच्या घरांमधल्या कुडावर. कूड पऱ्हाट्या-तुराट्यांचा, त्यावर दोडक्याचा वेल चढलेला, आणि उंची अशी की दोन्हीकडून हनुवटी टेकता येते. मी समोरच्या ओट्यावर पेपर घेऊन बसतो. पेपर वाचून होत नाही तो नाहीच.

श्रावणातली उघडीप होती. सविता अंगण झाडून फावडं घेऊन उकिरड्याकडं निघाली होती.

"टाकू नको गं! थांब जरा."

"काय झालं मावशी?"

"बघू दे की. रोज उचलतीस अन् टाकतीस. कधी नजर तरी घालतीस का त्याच्याकडं?"

"कुत्र्याच्या गुवाकडं काय बघायचं वं? मी नाक धरून टाकायले."

"तेच तर. आलेला पेपर न वाचता रद्दीत घालायलीस." मावशीनं वेल बाजूला सारून मान पुढं काढली. माझ्या हातातला पेपर मी उगाच हलवला.

मावशीला हा अधिकार कुठून मिळाला ते सांगायला हवं. तिचे यजमान ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सरकारी कागदावर त्या पदाला व्रणोपचारक म्हणतात; गावात तसं कुणी म्हणाल्याचं ऐकलं नाही. डॉक्टर बदलून जातात, ड्रेसर गावात मुरतो. जनावर धरायचं, जखमेतल्या अळ्या काढायच्या, शेणाची काचपट्टी करून द्यायची, आणि रात्री जेवताना ते सगळं बायकोला सांगायचं. ऐकून ऐकून मावशी अर्धी डॉक्टर झाली. उरलेल्या अर्ध्याचं काम ती आत्मविश्वासावर भागवते.

"पिवळं हाय बघा," सविता म्हणाली. "आत्याबाई म्हणायल्यात, वाघ्याला कावीळ झाली."

"कावीळ गुवात न्हाई बघायची. डोळ्याचा पांढरा भाग बघ, ओठ उलटून हिरड्या बघ. तिथं पिवळं दिसलं, मूत गडद यायलं, तर कावीळ. आन् पित्ताची वाटच बंद झाली तर गू पिवळा न्हाई होत. उलटा फिक्का पडतोय, राखेच्या रंगाचा. काय घातलंस काल?"

"नेहमीचीच भाकर. आन् पाय लचकला म्हणून आत्याबाईनं हळद टाकून दूध पाजलं. गिलासभर."

मावशी इतकी हसली की वेलावरचा एक दोडका हलला. "गिलासभर दुधात हळद, अन् म्हणे कावीळ!"

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या हळदीच्या रंगाबद्दल शंका घेऊ नये. पण मावशीचं म्हणणं निव्वळ हळदीपाशी थांबलं नाही. मोठ्या कुत्र्याला दूध सोसतंच असं नाही, ती म्हणाली. पिल्लू असताना दुधातली साखर पचते, पुढं ते बळ कमी होतं. मग पोट ढवळतं आणि आतला माल घाईनं खाली येतो. पित्त मुळात पिवळं-हिरवं. आतड्यात सावकाश मुरलं की तिथले जंतू त्याचा तपकिरी रंग करतात. घाई झाली की रंग चढायला वेळच मिळत नाही.

"म्हणजे तपकिरी असला की चांगला?"

"तपकिरी, आकाराचा, वरून जरा ओलसर. उचलला की सगळा उचलल्या जावा, मागं भुईला चिकटून राहू नये. आमचे हे म्हणायचे, फावड्याला कष्ट पडू नयेत."

कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीनं याचा चक्क तक्ता केला आहे, एक ते सात आकड्यांचा. एक म्हणजे खड्यासारखा कडक, सात म्हणजे नुसतं पाणी. उत्तम तो दोन नंबरचा. आपल्याकडं काहीही चांगलं असलं की लोक 'एक नंबर' म्हणतात. इथं एक नंबर आला की कुत्रं कुंथतंय असं समजायचं.

"मावशी, मधीच एकदा तेलकट व्हता. मातीवर तेलाचा डाग पडल्यासारखा."

"कवा?"

"परतवारीला वाघ्या दिंडीमागं नरसीला गेला व्हता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आषाढी झाली की वद्य एकादशीला नामदेव महाराजांच्या नरसीला परतवारी भरते. पंढरपूरला जाऊन आलेले येतात, जाता न आलेले येतात, आणि वाटेवरची कुत्री येतात, कारण एकादशीला माणसं उपास करतात तेव्हा जितकं शिजतं तितकं एरवी शिजत नाही. शाबूदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. बारशीला उपास सुटला की पुऱ्या, शिरा.

"तुपाचा शिरा हाणला असंल," मावशी म्हणाली. "आन् आल्यावर तूबी भाकरीवर तूप घातलं असशील."

"घातलं थोडं. नामदेव महाराज न्हाई का कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन पळाले? कोरडी भाकर खाऊ नको देवा म्हणून."

"पळाले. पर त्या कुत्र्यात पांडुरंग व्हता माय, त्याला पचलं. तुह्या वाघ्याला न्हाई पचत. एकदम तूप-तेल गेलं की पोटातली ग्रंथी सुजती, स्वादुपिंड म्हणतेत तिला. कुत्रं पाठ वाकवून हुबं राहातंय, वकतंय, दुखण्यानं कुणाला हात लावू देत न्हाई. एक दिवस तेलकट आलं अन् गेलं, तर सोडून दे. रोजच ढीगभर, फिक्कं, तेलकट यायलं, खातंय भरपूर अन् बरगड्या दिसायल्या, तर ती ग्रंथी कामातून गेली समजायचं. आमच्या ह्यांनी एका अल्सेशनला पाह्यलं व्हतं तसं. त्या जातीत जास्तच असतंय म्हणे."

इथवरचं बोलणं आरोग्याचं होतं. मग मावशीची नजर कुडाच्या अलीकडं, शेवग्याच्या बुडाशी गेली, आणि गप्पांनी वळण घेतलं.

"हे कवाचं गं?"

"आजचंच. हेबी वाघ्याचंच."

"पांढरं हाय."

"वाळलं असंल."

"सकाळचं सकाळी वाळतंय का? सांजच्याला एक पिवळं, सकाळी एक पांढरं. काडीनं मोड बरं."

सविताने काडीनं मोडलं. खडूसारखं भुरभुरलं. मावशीनं आवाज खाली आणला, आणि त्यामुळं मला पेपर बाजूला ठेवावा लागला.

"हाडं खाल्ल्यात ह्यानं. हाडाचा चुना उतरलाय. श्रावणात!"

सविता दोन पावलं कुडाजवळ आली. "आखाडातलं असंल वं. अवसेला तर सगळ्याच गावानं केलतं."

"अवसेला आठ दिवस होऊन गेले. आज खाल्लेलं कुत्रं उद्या टाकतंय, लई झालं तर परवा. आठ दिवस हाड पोटात बसलं असतं तर कुत्रं बसलं नसतं, आडवं झालं असतं. हे परवाचं जेवण हाय. परवा कोण वार व्हता?"

"सोमवार!"

दोघी गप्प झाल्या. श्रावणी सोमवार. मी मनातल्या मनात आळीतली घरं मोजू लागलो; त्या तर मोजून पुढं गेल्या होत्या.

"टोकाचं घर?" सविता.

"त्यांच्याकडं लसूण पण बंद हाय महिनाभर. गळ्यात माळ."

"माळ म्हाताऱ्याच्या गळ्यात. पोराच्या गळ्यात कुठं हाय?"

"पोरगं शेतातल्या आखाड्यावर झोपायला जातंय, हे खरं," मावशी म्हणाली. "आन् वाघ्याबी रात्री तिकडंच असतोय, हेबी खरं."

त्या काडीच्या टोकाला हाडाची एक किरची आली. मावशीनं ती लांबूनच न्याहाळली आणि निकाल दिला की हाड कोंबडीचं आहे, आतून पोकळ, आणि शिजलेलं आहे, कारण पिवळसर आहे म्हणजे रश्शातलं. हा पुरावा कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. कुडावर टिकला.

"सोड ते, ज्याचं त्याच्यापाशी," मावशी म्हणाली, पण तिचं सुटलं नव्हतं हे दिसत होतं. "मला काळजी किरचीची हाय. शिजलेलं हाड ठिसूळ होतंय, दातानं फोडलं की सुईवानी टोकं निघतेत. घशात रुततंय, आतडं चिरतंय. आन् चुना जास्त झाला की असं कोरडं पडतंय की कुत्रं जोर करतंय अन् काही येत न्हाई. जोर करून थेंबभर पातळ आलं की लोकं म्हणतेत हगवण. ती हगवण नसती, मागं अडकलेल्याच्या बाजूनं झिरपलेलं असतंय. ध्यान ठेव त्याच्यावर. उद्या मोकळा झाला तर झाला. न्हाई झाला, वकायला लागला, तर दवाखाना."

"आन् रक्त दिसलं तर?"

"कसलं रक्त? लाल का काळं?"

सविताला रक्त काळंही असतं हे ठाऊक नव्हतं. मलाही ते नव्यानंच कळलं होतं, मावशीकडूनच. लाल रेघ दिसली तर जखम खाली आहे, शेवटच्या आतड्यात किंवा बाहेरच्या तोंडाशी. रक्त ताजं असतानाच बाहेर पडतं. जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्त सुटलं तर ते येता येता पचतं आणि विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट, वेगळ्याच घाण वासाची होते. लोक लालला घाबरतात आणि काळ्याकडं दुर्लक्ष करतात. खरं तर धास्ती काळ्याची जास्त घ्यावी.

"मागं एकांनी कुत्रं लंगडतंय म्हणून आपलीच गुडघेदुखीची गोळी भाकरीत घालून दिली," मावशी म्हणाली. "नाव न्हाई सांगत. चार दिवस दिली. लंगडणं थांबलं, लोकायला म्हणाले बघा कशी गोळी लागू झाली. पाचव्या दिवशी गू काळा. जठराला भोकं पडली व्हती गोळीनं. कुत्रं गेलं."

"गोळीनं?"

"माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला इख हाय. आन् टॉनिक देत असशील लोहाचं, तर तेव्हाबी काळं येतंय, ते येगळं. खाटकाच्या दुकानापुढं पडलेल्या कुत्र्याचं काळं येतंय कच्च्या रक्तानं, तेबी येगळं. म्हणून आधी इचारायचं काय खाल्लं."

माणसांच्या अशा दुखण्याच्या गोळ्यांपैकी एकीची जुनी ओळख आपल्याला आहे. डायक्लोफेनॅक. ते टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि देशातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांच्या डब्यात ते राहिलं, आणि डबा भाकरीच्या टोपल्याशेजारीच असतो.

सविता आता रंगात आली होती. फावडं तिनं कुडाला टेकवलं. "मावशी, त्याच्या शेपटीखाली भाताची शितं चिकटल्यात. भात तर आमच्याकडं कुत्र्याला घालीतच न्हाईत."

"शितं हालायलीत का?"

"हालतेत की काय!"

"मंग शितं न्हाईत. पट्टकृमीचे तुकडे हायेत. पोटात लांब पट्टी असती, तिचे बारीक तुकडे तुटून बाहेर येतेत. वाळले की तांदूळ, काकडीच्या बियावानी दिसतेत. पिसवायच्या पोटातून जातेत ते. कुत्रं अंग चावतंय, पिसू गिळतंय, झालं. नुसती जंताची गोळी देऊन भागत न्हाई, पिसवा माराव्या लागतेत, त्याची झोपायची गोणी उन्हात टाकावी लागती. शेवयावानी पांढरे लांब निघाले तर ते दुसरे, गोल जंत. पिल्लायला आईच्या पोटातूनच येतेत ते."

"डोळ्यांनी दिसले न्हाईत तर जंत न्हाईत ना?"

"दिसतेत ते थोडे. त्यायची अंडी कुठं दिसायली? आमचे हे मिठाचं घट्ट पाणी करायचे, विरघळायचं थांबंपर्यंत मीठ टाकायचं. त्यात चिमूटभर गू घोळून बाटलीत भरायचा, वर काच ठेवायची. अंडी हलकी, वर तरंगून काचेला चिकटतेत. मंग दुर्बिणीखाली. मला एकदा दाखवलं व्हतं. मी दोन दिवस भात न्हाई खाल्ला."

ही साध्या मिठाची युक्ती आजही पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेत चालते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोरं ती शिकतात. कुणाला हे सगळं किळसवाणं वाटेल, वाटो. पण अंगणात मातीत खेळणाऱ्या लेकरांचा त्याच्याशी सरळ संबंध आहे. गोल जंताची अंडी मातीत पडली की दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि पुढं कित्येक महिने, कधी वर्षं टिकतात. लेकराची बोटं मातीतून तोंडात गेली की आतली अळी लेकराच्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकते. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि तिथं नागमोडी, खाजरी रेघ उठते. पावसाळ्यात अशी रेघ पायावर घेऊन फिरणारी माणसं इथं दिसतात. बहुतेक जण गजकर्णाचं मलम चोळत असतात. म्हणून अंगणातलं उचलायचं ते रोजच्या रोज, अंडी पिकायच्या आत.

"आन् कडब्याच्या गंजीवर चढू देऊ नको त्याला," मावशी पुढं म्हणाली. "तिथं हागलं की तेच गाय खाती. गाय गाभडती त्यानं."

"कुत्र्याच्या गुवानं गाय गाभडती? काहीबी!"

काहीबी नाही. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. 1984 मध्ये नॉर्वेतल्या कुत्र्यांत तो पहिल्यांदा आढळला, 1988 मध्ये त्याला नाव मिळालं. कुत्र्याच्या विष्ठेतून तो चाऱ्यावर, पाण्यावर जातो, गाभण गाईच्या पोटात वासरापर्यंत पोचतो आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गाय गाभडते. गाय गाभडायची कारणं पुष्कळ, हे त्यातलं एक. पण चक्र बघण्यासारखं आहे. पडलेला गाभ नाहीतर वार उकिरड्यावर फेकली जाते, कुत्रं ती खातं, आणि तोच रोग पुन्हा गंजीवर आणून ठेवतं. वार खोल पुरावी असं जुनी माणसं सांगत आली आहेत. शेळ्या-मेंढ्यांची कच्ची काळीज-फुप्फुसं कुत्र्यापुढं टाकू नयेत याचंही कारण तसंच आहे: त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात इवले पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून आपल्या हातावर, न धुतलेल्या भाजीवर येतात, आणि तशाच गाठी माणसाच्या यकृतात धरतात. हा कृमी काही मिलिमीटरचा. विष्ठेत कितीही डोळे फाडून बघितलं तरी दिसायचा नाही. मावशीच्या विद्येची हद्द इथं संपते आणि तीन महिन्यांला एकदा द्यायच्या जंताच्या औषधाची सुरू होते.

मी हे सगळं त्यांना सांगणार होतो. त्यांनी मला विचारलं नाही.

"वाघ्याचं तर झालं," सविता फावडं उचलत म्हणाली. "त्या चिंगीलाबी लागलीच हाय कालपसून. लाल-लाल पाणी. इतका घाण वास मावशी, आत्याबाईनं तिला गोठ्यात बांधलं. अंगारा लावलाय."

मावशीची हनुवटी कुडावरून उठली.

"चिंगी म्हणजे ते नवं पिल्लू? केवढं हाय?"

"अडीच महिन्याचं असंल. ह्यांच्या मित्रानं दिलं वाशिमकडून."

"सुई टोचली व्हती?"

"कशाची?"

"वकायलंय का?"

"रात्रीपसून. पिवळा फेस. काही खात न्हाई, पाण्याकडं नुसतं तोंड लावून बसतंय."

"आन् तू इथं मला हाडं दाखवायलीस?" मावशीचा आवाज एकदम बदलला. "सविते, फावडं ठेव. हे बघणं-बिघणं न्हाई, हे पार्वो हाय. असू नये, पर तसंच धरून चाल. गाडी काढायला सांग."

पार्वो हा विषाणूचा रोग. 1978 च्या सुमाराला तो एकदम उफाळला आणि पुढच्या दोनच वर्षांत जगभर पोचला. दीड-दोन ते सहा महिन्यांची, लस न झालेली पिल्लं त्यात सापडतात. आतड्याचं अस्तर झडतं, रक्त आणि पाणी एकत्रच वाहून जातं, पांढऱ्या पेशी कोसळतात. पिल्लू मरतं ते बहुतेक पाणी सरून आणि मागून येणाऱ्या जंतुसंसर्गानं. वेळेवर सलाइन, उलटीचं औषध, प्रतिजैविकं मिळाली तर बरीच वाचतात; घरी ठेवली तर बहुतेक जातात. मोठ्या कुत्र्याला साधी हगवण लागली, ते हिंडतंय-फिरतंय, तर अर्धा दिवस पोटाला विश्रांती, मग मऊ भात, असं करून बघायला हरकत नाही. पिल्लाला तेवढा वेळ नसतो. अडीच महिन्यांच्या जिवात पाणी असतं तरी किती!

"ह्यायला शेतात फोन लावते," सविता घाबरली होती. "आन् 1962 ला लावू का? ती गाडी येती म्हणे घरी."

"लाव. येत असंल लवकर तर चांगलंच. न्हाईतर वाट बघत बसू नको, दवाखान्याकडं निघायचं. थांब, आधी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड. लगेच बसती का तशीच उभी राहाती?"

सविता गोठ्यात धावली. मधे वाघ्या येऊन शेवग्याखाली बसला, ज्याची एवढी चौकशी झाली होती तो. मावशीनं त्याला दगड दाखवला. "सरक तिकडं, गोठ्याकडं जाऊ नको."

"तशीच राहायली मावशी! हिरड्या पांढऱ्या झाल्यात, बोट लावलं तर कोरड्या."

"पाणी संपायलं आंगातलं. बळंच काही पाजू नको, वकतंय तवर छातीत जाईल. गोणीत न्हाई, टोपलीत फडकं टाकून घे, वरून झाक, वाटंत कुणाच्या कुत्र्याजवळ ठेवू नको. दवाखान्यात गेल्यावर आधी बाहेरूनच सांग की असं असं हाय, आत दुसऱ्याची कुत्री असतेत. आन् एका डबीत चमचाभर गू घे. ताजा. पेढ्याची प्लास्टिकची डबी असंल, झाकणाची."

"घरात लेकरं हायेत मावशी. त्यायला?"

"हा रोग माणसाला लागत न्हाई. पर चपलीला लागून दुसऱ्याच्या घरी जातोय. महिनोन्‌महिने राहातोय मातीत. फिनेलनं मरत न्हाई, लोकं फिनेल ओतून मोकळे होतेत. ग्रामपंचायतीत टीसीएल असतंय ना, विहिरीत टाकायचं? ते मागून आणीन मी. गोठ्यातलं सगळं खरडून काढ, मंग त्या पाण्यानं फरशी, साखळी, ताटली धुवायची. ढोरं तोवर बाहेर बांधा. अंगण शेणानं सारवून काही व्हायचं न्हाई."

घरातून सविताच्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी टोपली बघितली, मावशीकडं बघितलं. "गिरजा, एवढ्याशा कुत्र्यापायी पेट्रोल जाळायचं? महादेवाचा अंगारा लावलाय मी. उतरंल."

"अंगारा राहू द्या की वैनी, मी कुठं पुसायले! अंगारा घेऊनच गाडीवर बसू द्या तिला."

सासूबाईंना यावर काही सुचलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मोठ्या कुत्र्याला तर न्हाई ना होणार?"

"वाघ्याला सुई टोचल्यात का? न्हाई ना? मंग तोबी डॉक्टरला दाखवायचा, पर आज न्हाई. आज एकत्र नेऊ नका. आन् वैनी, त्याला दूध बंद."

मोटारसायकल आली. सविताच्या नवऱ्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते; तो उतरलाच नाही, गाडी चालूच ठेवली. सविता टोपली मांडीवर घेऊन बसली, डबी पदराच्या गाठीत.

"पदरात न्हाई, हातात धर!" मावशी ओरडली. "आन् त्याच्यावर टाइम टाक. कवा घेतलं ते डॉक्टर इचारतेत. लई वेळ झाला तर त्यात काही कळत न्हाई."

"पेन कुठं हाय आता!"

मावशी घरात गेली, कॅलेंडरला दोरीनं बांधलेला पेन दोरीसकट तोडून आणला आणि कुडावरून दिला. सविताने झाकणावर लिहिलं, आठ वाजून दहा मिनिटं. गाडी निघाली. पेन तिच्याबरोबरच गेला.

"दुधाचा हिसाब कशानं लिहू आता," म्हणत मावशी टीसीएल आणायला ग्रामपंचायतीकडं निघाली. टोकाच्या घरावरून जाणारी वाट लांबची पडते. ती त्याच वाटेनं गेली.